बारा सेकंदांचं गाऱ्हाणं

आमच्या गेममध्ये शिरणाऱ्या माणसाला पहिल्या चार मिनिटांत एकच मोठा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेताना त्याने घाबरून पळून जाऊ नये यासाठी मला पगार मिळतो. गेम मोबाइलवरचा, पत्त्यांचा. राजा-राणी-गुलामवाले पत्ते नव्हेत. यातल्या प्रत्येक पत्त्यावर एखादं जनावर, माणूस नाहीतर भूत असतं, त्याची त्याची ताकद असते, आणि असे पत्ते जमवत समोरच्याशी लढायचं असतं. नव्या खेळाडूच्या हातात काहीच नसतं, म्हणून आम्ही त्याला तीस पत्त्यांचा एक तयार डेक फुकट देतो. स्टार्टर डेक. दर्या, रान आणि वेस असे तीन डेक पडद्यावर येतात आणि त्यातला एकच घ्यायचा असतो. एकदा बोट लावलं की बदल नाही. बाकीचे दोन मिळवायला महिनोन् महिने खेळावं लागतं.

माणसं त्या पडद्यावर सरासरी एक मिनिट पन्नास सेकंद अडकतात. माझ्याकडे आकडे आहेत. आमचा बॉस विनीत म्हणतो की लोक मुलगी बघायला गेल्यावरही इतका वेळ लावत नाहीत. त्याचं स्वतःचं अजून जमलेलं नाही, तेव्हा त्याचं किती मनावर घ्यायचं हा प्रश्नच आहे.

वेस हा डेक माझा. म्हणजे त्यातले तीसही पत्ते मी सुचवले आणि लिहिले. आमचं गाव सुरंगवाडी, कणकवलीच्या पुढे. गावाच्या वेशीवर राखणदार आहे. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. एक दगड आणि वर किंजळीचं झाड. गावातला माणूस रात्री-अपरात्री वेस ओलांडून आला तर राखणदार त्याला घरापर्यंत पोचवतो, असं सगळे मानतात. ऑफिसात ‘काहीतरी आपल्या मातीतलं आण’ असा धोशा लागला होता आणि माझ्याकडे चार दिवस उरले होते. मी राखणदाराला उचलून पत्त्यावर बसवला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तेव्हा मला अजिबात भीती वाटली नाही. उलट स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

मग विनीत म्हणाला, “वेस निवडली की एखादा आवाज आला पाहिजे यार. अंगावर काटा येणारा.”

मी म्हटलं, “माझे बाबा गाऱ्हाणं घालतात.”

माझे बाबा, रामदास, डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत गाऱ्हाण्यासाठी प्रसिद्ध. गिरणीत दोन वर्षं बदली कामगार होते, संप झाला, मग फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्ट चालवत त्यांची नोकरी संपली. पण चाळीत कुणी नवी गाडी घेतली, कुणाचं लग्न ठरलं, कुणी दुबईला निघालं, की नारळ आमच्या दारात येतो. बाबा तो हातात घेऊन उभे राहतात आणि देवाला, गावच्या राखणदाराला सगळ्यांच्या वतीने साकडं घालतात. कोण मागतंय, कुठल्या गावचा, काय मागतोय, सगळं नावानिशी. एकेका वाक्याला थांबतात, आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ ते व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. ऐकणाऱ्याने व्हय म्हणायचंच. माझी आई मोरीत भांडी घासत असली तरी तिथून म्हणते. आणि बाबांचा आवाज असा की चौथ्या मजल्यावर गाऱ्हाणं घातलं तर खाली रस्त्यावरचा पानवाला व्हय म्हणायचा.

बाबा आधी नाहीच म्हणाले होते. “कामाशिवाय गाऱ्हाणा घालुचा नाय, अक्षदा. ता काय पोपटाचा बोलणा हा?”

“बाबा, नाटकात काम केलं असं समजा.”

मी हट्टाला पेटले की बाबांचं काही चालत नाही. नवा शर्ट घालून ते माझ्याबरोबर स्टुडिओत आले. काचेच्या खोलीबाहेर त्यांनी चपला काढल्या, तेव्हा तिथली मुलं हसली. बाबांनी माइकसमोर उभं राहून चार मिनिटांचं गाऱ्हाणं घातलं आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून काचेतून माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण करत होते, पुढे चला, पुढे चला. मधल्या त्या सगळ्या जागा नंतर कापल्या. उरलं ते बारा सेकंदांचं.

परत येताना पुलावर त्यांनी विचारलं, “थयसर व्हय म्हणूक कोण नव्हता. तू काचेमागसून म्हटलंस मां?”

“हो, म्हटलं की.”

मी म्हटलं नव्हतं. मी फोनवर बोलत होते.

गेम आला आणि लोकांनी वेस डोक्यावर घेतली. शंभरातले साठ जण तोच डेक निवडायला लागले. निवडला की पडदा काळा होतो, कंदील पेटतो आणि बाबा म्हणतात, “बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या लेकरू तुझ्या वेशीर इला हा...” पोरं त्या आवाजाचे व्हिडिओ करून टाकत होती. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर कुठल्या डेकला किती जणांनी निवडलं त्याचे आकडे दिवसभर वर चढत असतात. दीड महिन्यात वेशीचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. विनीतने पेढे वाटले.

त्याच दीड महिन्यात बाबांचा आवाज बसला.

सुरुवातीला आम्ही हळद-दूध दिलं. मग ज्येष्ठमध. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बकुळाकाकूंनी कसलासा काढा दिला, तो पिऊन बाबांना फक्त जुलाब झाले. आवाज काही उठेना. सकाळी थोडा असायचा, दुपारपर्यंत नुसती घरघर. चाळीतल्या एका मुलाच्या नोकरीसाठी नारळ आला तेव्हा बाबा उभे राहिले, ‘बा देवा’ एवढं म्हणाले आणि खोकत खाली बसले. नारळ घेऊन आलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

त्या दिवशी माणसं गेल्यावर आईने दार लावून घेतलं. माझी आई शेवंती अशी उगाच घाबरणारी बाई नाही. तिने दंगली बघितल्यात, संपात घर चालवलंय, मामांच्या अंगावर धावून गेलेला बैल दगड मारून परतवलाय. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “त्या खेळातला ता काढ.”

“काय काढू?”

“तुका म्हायत हा काय ता. दोन लाख येळा तेंनी गाऱ्हाणा घातल्यानी. एका येळाकय कोणी व्हय म्हणूक नाय. गाऱ्हाणा असा उघड्यार टाकतत काय गो? तो इचारतलो मां, कोण माका साद घालता आणि मगे गप बसता?”

“आई, बाबांनी तीस वर्षं विड्या ओढल्यात. त्याआधी गिरणीतला कापूस खाल्लाय. राखणदाराला कशाला मध्ये घालतेस?”

“मी घातलंय मधी? तू घातलंस.”

मी चिडले, आवाज चढवला, ‘एकविसावं शतक’ वगैरे बोलले. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या भिंतीवरच्या आकड्याकडे बघितलं. आकडा हलत होता. दोन लाख अकरा हजार चारशे सहा. सात. आठ. कुठेतरी नागपुरात, नांदेडात, नाशकात कुणीतरी बोट लावत होतं आणि माझा बाप राखणदाराला हाक मारून गप्प होत होता. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, व्हय म्हाराजा. आकडा नऊ झाला. मी पुन्हा म्हटलं. दहा, अकरा एकदम झाले आणि माझं एक हुकलं. मी बावीस मिनिटं तशी बसले होते, कॉफी थंड झाली होती आणि शेजारचा अभय मला विचारत होता, “अक्षदा, जप करतेयस की काय?”

मी खरंच घाबरले होते, हे मी त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत असते. आईला निदान उघड घाबरता तरी येत होतं.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात बाबांच्या घशात दुर्बीण घातली. डाव्या बाजूला काहीतरी होतं. तुकडा काढून तपासायला पाठवला आणि दहा दिवसांनी या म्हणाले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काका, तीन-चार दिवस आवाजाला आराम द्या. कमी बोला.” आईने ते तीन-चार दिवस स्वतःच्या हिशेबाने वाढवले. बाबांनी तोंड उघडलं की ती ओठांवर बोट ठेवायची. “जपून ठेवा. वाया घालवा नको.” तिने त्यांना शाळेची वही आणि पेन आणून दिलं. बाबा त्यात लिहायचे, ‘चहा.’ ‘पंखा बारीक.’ ‘अक्षदा जेवली?’ आमच्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

चौथ्या दिवशी मी विनीतकडे गेले. राखणदार वगैरे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तो सरळ म्हणाला, “पागल आहेस का? त्या आवाजावर तर सगळं चाललंय. साठ टक्के, अक्षदा, साठ!”

मग मी खोटं बोलले. म्हटलं, “बाबांची सही घेतलेली नाही. कागदच केला नाही आपण. आणि आता ते नाही म्हणतायत.”

विनीतचा चेहरा उतरला. “अगं पण तुझे वडील आहेत ना ते?”

“म्हणूनच सही राहिली.”

कागद झाला होता. माझ्याच कपाटात होता. विनीतच्या टेबलावर द्यायचा मी विसरले होते. तो मी घरी आल्यावर फाडला. विनीतने कंपनीच्या वकिलाला मेल टाकला आणि वकिलाचं उत्तर दोन तासांत आलं. आवाज ताबडतोब काढा, कुठेही एकही प्रत ठेवू नका, आणि तसं लेखी कळवा. परवानगी नसताना प्रत सापडली तर कंपनी अडचणीत येईल. कंपन्यासुद्धा घाबरतात, फक्त त्यांची भीती मेलवर चालते. दुसऱ्या दिवशी दुपारी नवं अपडेट गेलं. वेशीला पुण्याच्या एका नटाचा आवाज लागला. सर्व्हरवरचं गेलं, स्टुडिओतलं चार मिनिटांचं मूळ रेकॉर्डिंग गेलं, बॅकअप गेले. माझ्या लॅपटॉपवरची प्रत मी माझ्या हाताने उडवली.

संध्याकाळी आईने विचारलं, “सगळा काढलंस?”

“सगळं.”

“तुझ्या फोनातला?”

तेही मी तिच्यासमोर काढलं. तिने देवापुढे दिवा लावला. मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता रिपोर्ट चांगला येईल असं मी धरूनच चालले.

रिपोर्ट कॅन्सरचा आला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला खाली एक भोक राहील, श्वास त्यातून. “वेळेत आलात,” त्या म्हणाल्या, “जिवाचा धोका टळेल असं वाटतंय. पण आवाज राहणार नाही.” आई चित्राकडे बघत होती. बाबांनी वही उघडून लिहिलं, ‘कधी?’

आठ दिवसांनी, गुरुवारी. बुधवारी भरती.

हॉस्पिटलच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला ते कळलं आणि मी तिथेच कठडा धरून उभी राहिले. बाबांचा आवाज आता कुठेच नव्हता. मी तो जगातून पुसून टाकला होता, वकिलाच्या सहीशिक्क्यासकट.

घरी येऊन मी फोन उपसला. बाबा व्हॉइस मेसेज कधी पाठवत नाहीत, सरळ फोन करतात. गणपतीचे तीन व्हिडिओ सापडले. एकात ढोलकी, दुसऱ्यात शेजारचा मिक्सर, आणि तिसऱ्यात मीच ओरडतेय, ‘बाबा, बाजूला व्हा ना, मूर्ती दिसत नाहीये.’ घरात त्यांचा आवाज इतका होता की तो साठवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पोरांनी टाकलेले गेमचे व्हिडिओही कंपनीने एकेक करून उतरवले होते. जे चुकून राहिले होते त्यांत आवाजावर गाणी चढवलेली. विनीतला फोन केला. तो म्हणाला, “तूच म्हणाली होतीस, अक्षदा. मी स्वतः उभं राहून डिलीट करून घेतलं.”

तेव्हा मला बाबांचा फोन आठवला. गेम आला त्याच दिवशी मी तो त्यांच्या फोनवर टाकून दिला होता. बाबा तीन डेकांच्या पडद्यापर्यंत आले होते, चित्रं बघितली होती आणि ‘मगे बघतंय’ म्हणून फोन बाजूला ठेवला होता. त्यांचा फोन नातेवाइकांच्या सुप्रभातांनी इतका भरलेला असतो की त्यात नवं काही उतरतच नाही. अपडेटही उतरलं नसणार. आधी नेट बंद केलं, मग गेम उघडला. दर्या, रान, वेस. तिन्ही डेक तसेच उभे होते. जुनाच गेम. जुनाच आवाज.

पण तो वाजणार एकदाच. डेकला बोट लावताक्षणी आवाज येतो आणि त्याच क्षणी निवड पक्की होते. तो पडदा पुन्हा दिसत नाही, फोन बंद करून चालू केला तरी नाही. लोक ती पळवाट काढून तिन्ही डेक चाखून बघायचे, म्हणून मीच भांडून ती बंद करवली होती. आतली फाइल काढायला जावं तर तिला कुलूप, आणि ते उघडून द्यायला ऑफिसात कुणाला सांगावं तर माझं खोटं बाहेर आलं असतं. म्हणजे बारा सेकंद, एकदा, आणि तेव्हा दुसऱ्या फोनवर ते नीट उतरलं पाहिजे. मी पाच दिवस त्या फोनला कुणाला हात लावू दिला नाही. चार्जिंगला लावून शेजारी बसून राहायचे. चुकून कुणाचं बोट दर्यावर पडलं तर? बॅटरी फुगली तर? ऑफिसला गेले तर फोन पिशवीत, पिशवी मांडीवर. आई दिवसातून चारदा विचारायची, “आसा मां?” खेळातून काढ म्हणणारी तीच, आता तो आवाज राहावा म्हणून उपास करत होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि घाबरायचो. बाबा वहीत लिहायचे आणि मी वाचायचे. पाच दिवस ते माझ्यासमोर बसले होते, बोलू शकत होते, आणि आम्ही त्यांना बोलू देत नव्हतो.

मंगळवारी सकाळी अकराला, नळ जाऊन चाळ शांत झाल्यावर, आम्ही बसलो. पंखा बंद केला. खिडकी लावली. बकुळाकाकूंना टीव्ही बंद ठेवायला सांगितलं. माझा फोन आणि आईचा फोन, दोन्हींवर रेकॉर्डिंग सुरू करून खाटेवर ठेवले. बाबांचा फोन मी त्यांच्या हातात दिला, कारण माझ्या बोटावर माझा भरवसा नव्हता.

“बाबा, हे तिसरं, वेस. फक्त याच्यावर एकदा बोट लावायचं. दुसऱ्या कशाला लावू नका. तुमचा आवाज येईल, तो आम्ही उतरवून घेतोय. समजलं ना?”

बाबांनी मान हलवली. चष्मा पुसला. फोन जवळ धरून तिन्ही चित्रं बघितली, दर्या, मग रान, मग वेस. वेशीवरच्या राखणदाराकडे ते खूप वेळ बघत राहिले. आईने माझं मनगट इतकं आवळलं होतं की तिच्या बांगड्या रुतत होत्या.

बाबांनी रानावर बोट लावलं.

फोनमधून कुऱ्हाडीचा आवाज आला, पाखरं ओरडली, पानं पडली. मग पत्ते वाटले जाऊ लागले. तीन डेकांचा पडदा गेला.

“काय केलंत हे!” मी किंचाळलेच. “बाबा, सांगितलं होतं ना मी! एकदाच होतं ते! एकदाच! आता कुठून आणू मी?” मी त्यांच्या हातातून फोन हिसकावला आणि वेड्यासारखी मागे-मागे दाबत राहिले. पडदा काही परत येत नव्हता. मी रडत होते आणि त्यांच्यावर ओरडत होते, आणि त्यांनी हे मुद्दाम केलंय हे मला दिसत होतं.

त्यांनी फोन माझ्याकडून घेऊन उशाशी ठेवला. मग बोलले. पंधरा दिवसांनी. तो त्यांचा आवाज नव्हताच, फरशीवरून लोखंडी खाट ओढल्यासारखं काहीतरी होतं.

“त्या गाऱ्हाण्यात कोणाचा नाव नाय. गाव नाय. ता बाजारातला.”

“बोला नको!” आई पुढे झाली. “डॉक्टरान सांगल्यान हा, आवाज...”

“परवा कापतले शेवंती. आता कित्याक राखून ठेवू?” ते उठून उभे राहिले. “नारळ दी.”

घरात नारळ एकच होता, आमटीसाठी आणलेला. आईने तो धुऊन त्यांच्या हातात दिला. बाबा दक्षिणेकडे, गावाकडे तोंड करून उभे राहिले. तिकडे आमची पत्र्याची ट्रंक आणि भिंत आहे. खाटेवर दोन्ही फोन चालूच होते. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

“बा राखणदारा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” आई म्हणाली.

ते थांबले होते. माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

“मी रामदास, सुरंगवाडीचो, डिलाईल रोडार रवतंय. आज तुका नुसत्या नारळार साद घालतंय, मान मगे पोचयन.”

“व्हय म्हाराजा.”

“परवा ह्या गळ्यार सुरी फिरतली. डॉक्टरीणबायच्या हाताक यश दी. शेवंतीक उभी ठेव.”

“व्हय म्हाराजा.” आईचा आवाज फाटला.

प्रत्येक वाक्याला त्यांचा आवाज खाली जात होता. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, खोकला ते गिळत होते. मला त्यांना थांबवायचं होतं आणि थांबवायचं नव्हतं. गाऱ्हाणं अर्धं राहिलं तर काय होईल, हीच एक भीती आता माझ्यात उरली होती. ऑफिस, आकडे, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं.

“आणि माझ्या ह्या चेडवाच्या हातसून,” ते म्हणाले आणि नारळ धरलेला हात माझ्याकडे केला, “जा काय चुकला माकला असात, म्हाराजा, तेचो भार...”

इथे आवाज संपला. घरघरसुद्धा संपली. त्यांचे ओठ मात्र हलत राहिले. बराच वेळ हलत होते, नेहमीच्या ठेक्यात, मधे जिथे थांबायचं तिथे थांबत. भार कुणावर घाल म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते, आणि मला ते कळतही होतं. तो स्वतःवर मागून घेऊ नका, बाबा, असं मला ओरडायचं होतं.

ओठ थांबले. ते वाट बघत होते. आई म्हणाली, “व्हय म्हाराजा.” बाबा तरी उभेच, नारळ हातात, माझ्याकडे बघत.

मग मीही व्हय म्हटलं.